मुक्या जिवांचे मन : सुरतेच्या पांजरपोळापासून स्वप्नांच्या प्रयोगशाळेपर्यंत



स्मृतिव्याख्यान हा एका अर्थाने श्राद्धविधीच असतो. फरक इतकाच की येथे पिंडाऐवजी विचार ठेवावयाचा असतो. ज्यांनी आयुष्यभर मुलांना प्रश्न विचारावयास शिकविले त्यांच्या स्मरणार्थ बोलावयाचे, तर एखादा प्रश्न प्रामाणिकपणे हाती घ्यावा, हेच उचित. तो प्रश्न असा : जनावरांना मन असते काय? ती स्वप्ने पाहतात काय? ‘मी आहे’ असे भान त्यांना असते काय? आणि आपल्याला न कळणाऱ्या गोष्टी त्यांना आधी कळतात, असे जे म्हणतात, त्यात तथ्य किती?

मराठीच्या अध्यापकाने हा विषय का निवडावा, अशी शंका कोणी घेईल. त्याचे उत्तर या भूमीतच आहे. मराठी मनात सुरतेचे नाव येते ते १६६४ आणि १६७० या दोन सालांबरोबर. परंतु शिवकालातील आणि त्यानंतरची सुरत आणखी एका गोष्टीसाठी जगभर प्रसिद्ध होती. ती गोष्ट म्हणजे येथील जनावरांचे रुग्णालय. बमरोली, पांडेसरा, उधना या मागांच्या खडखडाटात वाढलेल्या, आणि घरी खानदेशातील पोळ्याच्या आठवणी ऐकलेल्या आपल्या मुलांना हा इतिहास ठाऊक असावा, अशी माझी इच्छा आहे.

१. सुरतेचे रुग्णालय

१६८९ साली इंग्लंडहून निघालेला जॉन ओव्हिंग्टन नावाचा पाद्री सुरतेत राहून गेला. त्याचे प्रवासवर्णन १६९६ साली लंडनला प्रसिद्ध झाले. शहराजवळ व्यापाऱ्यांनी चालविलेले एक रुग्णालय होते, त्यात गाई, घोडे, बकऱ्या, कुत्रे असे आजारी, लंगडे, म्हातारे प्राणी सांभाळले जात, असे त्याने लिहिले आहे. त्याला खरा अचंबा वाटला तो त्याच्याजवळच्या दुसऱ्या विभागाचा. तेथे ढेकूण, पिसवा आणि तत्सम जीव जपले जात. त्यांना आहार मिळावा म्हणून एखाद्या गरीब माणसाला पैसे देऊन रात्रभर तेथील बाजेवर निजविले जाई, अशी त्याची नोंद आहे.

अशा नोंदी आणखीही आहेत. इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा १६२३ साली खंबायतेस गेला. तेथील पक्ष्यांच्या रुग्णालयात त्याने एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा पाहिला. नाकावर चष्मा चढवून, पेटीत कापसावर ठेवलेल्या उंदरांच्या पोरक्या पिलांना तो पिसाने दूध पाजीत होता. वॉल्टर हॅमिल्टनने १८२० साली प्रसिद्ध केलेल्या हिंदुस्थानच्या वर्णनग्रंथात सुरतेच्या पांजरपोळाची १७७२ सालची हकिकत दिली आहे. घोडे, बैल, मेंढ्या, माकडे, कबुतरे यांच्याबरोबर तेथे एक वृद्ध कासव होते, आणि ते पंचाहत्तर वर्षे तेथेच असल्याचे सांगत. पुढे अलेक्झांडर बर्न्सने याच रुग्णालयावर एक टिपण लिहिले. ते १८३४ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले.

त्याच १८३४ साली मुंबईत पांजरपोळ स्थापन झाला. त्याच्या दोनच वर्षे आधी, १८३२ च्या जूनमध्ये, मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी हुकमावरून मुंबईत दंगल उसळली होती. पारशी आणि हिंदू लोक त्यात एकत्र उतरले होते. त्यानंतर सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने ही संस्था उभी राहिली. गुजराती व्यापाऱ्याची ही रीत मराठी मुलखात अशी रुजली.

युरोपीय प्रवाशांना हे सारे हास्यास्पद वाटले. माणसे उपाशी असताना ढेकणांची सरबराई कशासाठी, हा त्यांचा आक्षेप सर्वस्वी चुकीचा होता असेही नाही. गरिबाला भाड्याने ढेकणांपुढे निजविणे ही भूतदया कोणत्या प्रकारची, हा प्रश्न आपणही विचारला पाहिजे. परंतु त्या हसण्यामागे एक गृहीत होते, ते ध्यानी घेण्यासारखे आहे. १६३७ साली हॉलंडमध्ये रेने देकार्तचा ‘पद्धतिविचार’ प्रसिद्ध झाला होता. जनावरे ही घड्याळासारखी यंत्रे होत, त्यांच्या ठायी विचार करणारे मन नाही, असा त्यातील सिद्धांत. विद्वत्तेच्या जगात तो पुढे दीर्घकाळ वजनदार राहिला. एकीकडे यंत्र म्हणून पाहणारे तत्त्वज्ञान आणि दुसरीकडे पिसाने दूध पाजणारा म्हातारा, असा हा सामना होता.

२. ढेकणाला मन होते काय?

आता येथे एक विलक्षण गोष्ट आहे. ज्या जैन विचारातून ही रुग्णालये मुख्यतः उभी राहिली, त्या विचारानेसुद्धा ढेकणाला मन दिलेले नाही!

उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात जीवांची इंद्रियांनुसार वाटणी आहे. वनस्पतीला एक इंद्रिय, कृमीला दोन, मुंगीला तीन, भुंग्याला चार, आणि पशू, पक्षी, मनुष्य यांना पाच. ढेकूण हा मुंगीच्या पंक्तीतला, म्हणजे स्पर्श, चव आणि वास एवढेच जाणणारा जीव. मन ही याहून वेगळी गोष्ट. ते पंचेंद्रिय जीवांपैकीच काहींना असते. हत्ती, घोडा, बैल यांना मन आहे, ढेकणाला नाही. याच शास्त्रात अवधिज्ञान म्हणून इंद्रियांच्या पलीकडचे जाणण्याची एक पायरी सांगितली आहे. देवांना आणि नरकातील जीवांना ती जन्मतः लाभते. मनुष्याला आणि पंचेंद्रिय पशूंना कर्मांचा पडदा विरळ झाला तर ती लाभू शकते. म्हणजे पशूंना अतींद्रिय ज्ञान असेल काय, हा प्रश्न आपल्याकडे जुन्या काळीच विचारला गेला होता आणि त्याला ‘क्वचित, शक्य आहे’ असे उत्तरही मिळाले होते.

या परंपरेतील एक कथा फार सुंदर आहे. ज्ञाताधर्मकथा या आगमग्रंथात भगवान महावीर राजपुत्र मेघकुमाराला त्याच्या पूर्वजन्माची हकिकत सांगतात. तो हत्ती होता. एकदा वणवा पाहताना त्याला आधीच्या जन्मातील वणवा आठवला, आणि पुढच्या संकटासाठी त्याने रानातला एक गोल भाग झाडाझुडपांपासून मोकळा करून ठेवला. वणवा पेटला तेव्हा सारे प्राणी तेथे दाटीवाटीने जमले. अंग खाजविण्यासाठी हत्तीने पाय उचलला, तो त्या जागी एक ससा येऊन बसला. पाय खाली ठेवावा तर ससा मरेल. म्हणून अडीच दिवस तो तीन पायांवर उभा राहिला, आणि वणवा शमल्यावर कोसळून मेला. स्मृती, दूरदृष्टी आणि दुसऱ्याच्या जिवाची जाणीव या तिन्ही गोष्टी कथाकाराने हत्तीच्या ठायी पाहिल्या.

तरीही रुग्णालयाचे दार स्मृती असलेल्या हत्तीपुरतेच उघडलेले नव्हते. मन नसलेला ढेकूणही तेथे आत आला. प्रत्येक जीवाला जगणे प्रिय आणि दुःख अप्रिय आहे, एवढेच त्या दारावरचे प्रवेशपत्र होते. मी हे मुद्दाम अधोरेखित करतो, कारण आजच्या विवेचनाचा सारा भार याच मुद्द्यावर आहे. दयेला पुरावा लागतो तो फक्त वेदनेचा. स्वप्न, आत्मभान, अतींद्रिय ज्ञान या पुढच्या पायऱ्या ज्ञानाच्या आहेत. तेथे प्रत्येक पायरीचा पुरावा वेगळा मागितला पाहिजे. या दोहोंची गल्लत केली की दयाही डळमळते आणि ज्ञानही.

३. रेडा, ससा आणि बैल

आता आपल्या मराठी परंपरेकडे वळू. पैठणच्या ब्रह्मसभेची कथा कोणाला ठाऊक नाही? ज्ञानदेवांनी रेड्यामुखी वेद वदविले, एवढेच आपण लक्षात ठेवतो. परंतु महिपतीबुवांच्या १७६२ सालच्या भक्तिविजयासारख्या ग्रंथांतून आलेली ही कथा थोडी अलीकडून वाचावी. रस्त्याने जाणाऱ्या रेड्याचे नावही ज्ञानाच आहे, असे म्हणून कोणी टवाळी केली. त्याच्यात आणि माझ्यात भेद नाही, असे ज्ञानदेवांनी उत्तर दिले. मग रेड्याच्या पाठीवर आसूड ओढले गेले आणि वळ उमटले ते ज्ञानदेवांच्या पाठीवर. वेदपठणाचा चमत्कार त्याच्या नंतरचा. जुन्नर तालुक्यातील आळे गावी त्या रेड्याची समाधी आजही दाखवितात. कथेचा गाभा मला वळांत दिसतो. रेड्याची विद्वत्ता सिद्ध करण्यासाठी ती रचलेली नाही. त्याची वेदना आपल्या अंगावर उमटली पाहिजे, हे सांगण्यासाठी ती आहे.

तेराव्या शतकातच म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या लीळाचरित्रात चक्रधरस्वामींची एक लीळा आहे. पारध्यांनी आणि त्यांच्या कुत्र्यांनी पाठलाग केलेला ससा धावत येऊन स्वामींच्या मांडीखाली लपला. शरण आलेला देता येत नाही, अशी भूमिका घेऊन स्वामींनी पारध्यांची समजूत घातली, आणि ते निघून गेल्यावर सशाला माणसासारखे संबोधून निरोप दिला. येथे ससा काही अलौकिक करीत नाही. तो फक्त भितो आणि आश्रय शोधतो. तेवढे पुरेसे ठरते. नामदेवांची भाकर पळविणारे कुत्रे, एकनाथांनी गंगोदक पाजलेले तहानेले गाढव या कथाही याच जातीच्या आहेत.

आणि आपला पोळा! खानदेशात काय, विदर्भात काय, पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदमळणी होते आणि त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण दिले जाते. निमंत्रण हे वस्तूला देत नाहीत. नांगराला आपण पूजतो, त्याला जेवायला बोलावीत नाही. ज्या अशिक्षित शेतकऱ्याने बैलाच्या कानाशी लागून आवतण दिले, त्याने ‘समोर कोणीतरी आहे’ हे तत्त्वज्ञानाच्या पुस्तकावाचून मान्य केले होते.

मात्र याच परंपरेची दुसरी बाजूही आहे. तिचे नाव शकुन. वराहमिहिराच्या सहाव्या शतकातील बृहत्संहितेत शकुनांवर अनेक अध्याय आहेत. कुत्रा कोठे उभा, कोणत्या दिशेला तोंड करून भुंकतो, यावरून फले सांगितली आहेत. आपल्या घरांतही मांजर आडवे जाते, पाल चुकचुकते, कुत्रे रात्री रडते, पिंगळा बोलतो, टिटवी ओरडते, आणि दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवतो किंवा शिवत नाही. हे सारे जीव आपल्याला काहीतरी सांगत असतात, असे आपण धरून चालतो. परंतु नीट पाहिले तर या ठिकाणी जनावराकडे कोणाचे लक्षच नसते. कुत्रे का रडते, हे कोणी विचारीत नाही. त्याच्या रडण्याने आपले काय होणार, एवढीच चिंता. देकार्तने जनावराचे यंत्र केले, शकुनशास्त्राने त्याचे पंचांग केले. जनावर दोन्हीकडे बाजूलाच राहिले.

४. स्वप्न

आता पुराव्याच्या वाटेने जाऊ. पहिली पायरी स्वप्नाची.

अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या प्राणिविषयक ग्रंथात घोडे, कुत्रे, बैल, मेंढ्या, बकऱ्या स्वप्ने पाहतात असे म्हटले आहे, आणि कुत्र्याच्या झोपेतल्या भुंकण्याचा दाखला दिला आहे. आपल्या बृहदारण्यक उपनिषदात माणसाच्या स्वप्नाचे प्रदीर्घ विवेचन आहे. तेथे जागृती आणि स्वप्न यांत फिरणाऱ्या आत्म्याला उपमा दिली आहे ती दोन्ही काठांना जाणाऱ्या मोठ्या माशाची, आणि सुषुप्तीकडे वळणाऱ्या आत्म्याला थकून घरट्याकडे परतणाऱ्या ससाण्याची.

शास्त्रीय पुरावा मिळाला तो विसाव्या शतकात. १९५३ साली शिकागो येथे असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेतील एक अवस्था दाखवून दिली. तीत बंद पापण्यांआड डोळे भराभर हलतात, आणि त्या वेळी जागे केलेला माणूस बहुधा स्वप्न सांगतो. पुढे तीच अवस्था मांजरातही आढळली. लियॉंच्या मिशेल झुव्हे यांनी मांजराच्या मेंदूतील, झोपेत शरीर लुळे ठेवणारा भाग निकामी केला. तेव्हा गाढ झोपेतले मांजर उठून उभे राहिले, आणि समोर काहीही नसताना दबा धरू लागले, झडप घालू लागले. ज्ञान मिळाले; पण ते त्या मांजरांच्या मेंदूवर शस्त्र चालवून मिळाले, हेही आपण विसरू नये.

१९९४ साली विल्सन आणि मॅकनॉटन यांनी उंदरांच्या मेंदूतील पेशींचे स्पंदन टिपले. जागेपणी उंदीर एखाद्या जागेत फिरताना ज्या पेशी एकत्र चेतत, त्याच पुढच्या झोपेतही एकत्र चेतत होत्या. २००१ साली विल्सन आणि लुई यांनी हीच गोष्ट स्वप्नाच्या म्हणून मानल्या जाणाऱ्या झोपेत दाखविली. उंदीर दिवसा चाललेली वाट झोपेत पुन्हा चालत होता. २००० साली डेव्ह आणि मार्गोलियाश यांनी झेब्रा फिंच या इवल्या पक्ष्याच्या मेंदूत झोपेत गाण्याची उजळणी चालते असे दाखविले. २०२२ साली तर उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या पिलांतही झोपेत डोळे हलण्याची अवस्था नोंदली गेली. कोळी स्वप्न पाहतो, असे अद्याप कोणी म्हणू शकत नाही. स्वप्न सांगावयास त्याला वाणी नाही. परंतु उंदराच्या बाबतीत ‘यंत्र’ हा शब्द वापरणे आता कठीण झाले आहे. खंबायतचा म्हातारा ज्यांना दूध पाजीत होता, त्या पिलांना मोठेपणी वाटा आठवणार होत्या.

५. आरसा

दुसरी पायरी आत्मभानाची. डार्विनने १८७१ साली माणूस आणि उच्च प्राणी यांच्या मनांतील फरक प्रमाणाचा आहे, प्रकाराचा नव्हे, असे प्रतिपादन केले. मग हे प्रमाण मोजावे कसे? १९७० साली गॉर्डन गॅलप यांनी एक साधी युक्ती योजली. चिंपांझी बेशुद्ध असताना त्यांच्या कपाळावर व कानावर रंगाचा ठिपका लावला आणि शुद्धीवर आल्यावर आरसा समोर ठेवला. आरशाची आधी सवय झालेले चिंपांझी प्रतिमेला हात न लावता स्वतःच्या ठिपक्याला हात लावू लागले. पुढे ही परीक्षा २००१ साली डॉल्फिनने, २००६ साली न्यू यॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातील हॅपी नावाच्या आशियाई हत्तिणीने आणि २००८ साली मॅगपाय या कावळ्याच्या कुळातील पक्ष्याने दिली. २०१९ साली एका लहान माशाविषयीही तसाच निष्कर्ष प्रसिद्ध झाला; त्यावर मात्र वाद आहे.

कुत्रे या परीक्षेत नापास होते. म्हणून त्याला ‘मी’ नाही काय? कुत्र्याचे जग डोळ्यांपेक्षा नाकाचे आहे. २०१७ साली अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी वासाचा आरसा करून पाहिला. आपल्याच वासात काही बदल केलेला असेल, तर कुत्री तो अधिक वेळ हुंगीत राहिली. परीक्षा घेणाऱ्याने विद्यार्थ्याच्या भाषेत प्रश्न विचारावा, ही गोष्ट या सभागृहातील शिक्षकांना मी सांगावयास नको. मराठी मुलाला परक्या भाषेत प्रश्न विचारून त्याला मंद ठरविणे जितके अन्यायाचे, तितकेच हेही.

२०१२ च्या जुलैमध्ये केंब्रिज येथे जमलेल्या मेंदूशास्त्रज्ञांनी एक जाहीरनामा काढला. सस्तन प्राणी, पक्षी आणि ऑक्टोपससारखे इतर काही जीव यांच्या ठायीही जाणिवेला आधारभूत अशी मज्जारचना आहे, असे त्यांनी मान्य केले. ओव्हिंग्टनच्या हसण्यानंतर सव्वातीनशे वर्षांनी त्याच्याच देशात हा कागद निघाला.

६. आधी कळणे

आता तिसरी आणि सर्वांत मोहक पायरी : अतींद्रिय ज्ञानाची. येथे पाऊल जपून टाकले पाहिजे.

विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा गणिते सोडवी. मालकाने बेरीज विचारली की तो खुराने तितके ठोके देई. १९०४ साली नेमलेल्या मंडळालाही त्यात लबाडी आढळली नाही. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट यांनी कोडे उलगडले. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल, तर घोडा चुके. बरोबर ठोका आला की विचारणाऱ्याच्या मानेचा, चेहऱ्याचा ताण नकळत सैल होई, आणि तेवढी खूण घोड्याला पुरे. त्याला गणित येत नव्हते. पण माणसाला स्वतःची जी हालचाल कळत नव्हती, ती त्याला दिसत होती. हे काय थोडे आश्चर्य आहे?

रूपर्ट शेल्ड्रेक हे इंग्रज जीवशास्त्रज्ञ काही वर्षे हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय कृषिसंशोधन संस्थेत काम करून गेले. मालक घरी यावयास निघाला की कुत्र्याला दुरूनच कळते, असा दावा त्यांनी १९९९ सालच्या पुस्तकात केला. इंग्लंडमधील ज्या कुत्र्यावर त्यांची भिस्त होती, त्याच्यावर रिचर्ड वाइजमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केले. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगांत दाव्याला आधार मिळाला नाही. शेल्ड्रेक यांनी तो निष्कर्ष मानला नाही. वाद चालू राहिला तरी सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर असते, आणि ती येथे पार पडलेली नाही.

भूकंपाचे उदाहरण आपल्या अधिक जवळचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन करून झोपलेल्या किल्लारी परिसरात हजारो माणसे गाडली गेली. २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपाने सुरतही हादरली. अशा प्रत्येक आघातानंतर ‘कुत्री आधीपासून भुंकत होती’ असे कोणीतरी सांगतो. चीनमध्ये १९७५ साली हायचेंगच्या भूकंपापूर्वी लोकांना हलविले गेले. त्यात जनावरांच्या वागण्याच्या नोंदींचाही भाग होता. परंतु पुढच्याच वर्षी तांगशानला कोणतीही सूचना न मिळता सुमारे अडीच लाख माणसे गेली. २०१८ साली १६० भूकंपांशी संबंधित सातशेहून अधिक नोंदी तपासल्या गेल्या. बहुतेक नोंदी एकेकट्या आणि मागाहून सांगितलेल्या निघाल्या, आणि काहींची संगती आधीच्या लहान धक्क्यांशी लागत होती. मोठा धक्का पोचण्याच्या काही सेकंद आधी येणारी हलकी लहर माणसाआधी जनावराला जाणवू शकते, हे मात्र शक्य आहे. कुत्री रोज भुंकतात. भूकंप न झालेल्या रात्रीचे भुंकणे कोणी लक्षात ठेवीत नाही.

तर मग लोकांची सारी निरीक्षणे फोल म्हणावीत काय? नाही. सुरतकरांना याचे उत्तर अनुभवाने ठाऊक आहे. १९९४ च्या सप्टेंबरमध्ये येथे प्लेगची साथ पसरली आणि लाखो माणसे शहर सोडून गेली. खानदेशाच्या गाड्या भरून वाहिल्या. त्याच सुमारास बीड जिल्ह्यातील मामला गावीही उंदीर मरून पडल्याच्या आणि पिसवा माजल्याच्या बातम्या होत्या. घरात उंदीर मरून पडू लागले की गाव सोडावे, हे जुन्या लोकांचे शहाणपण होते. १८९६ च्या मुंबईतील साथीनंतर त्याची चौकशी झाली. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने उंदराची पिसू हाच रोगाचा पूल आहे हे प्रयोगाने दाखविले, आणि १९०५ नंतर मुंबईत काम करणाऱ्या संशोधकांनी ते पक्के केले. उंदराला भविष्य कळत नव्हते. तो आपल्या आधी आजारी पडत होता, एवढेच. येथे ‘शकुन’ खरा ठरला, कारण कोणीतरी मेलेल्या उंदराकडे अपशकुन म्हणून न पाहता रोगी म्हणून पाहिले.

कावळ्याचेही तसेच. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी विशिष्ट मुखवटा घालून कावळे पकडले आणि सोडले. तो मुखवटा कावळ्यांनी पुढे वर्षानुवर्षे ओळखला आणि त्यावर कलकलाट केला. मृताची इच्छा त्याला कळते की नाही, याचा पुरावा नाही. घाटावर जमलेल्या जिवंत माणसांचे चेहरे मात्र तो पारखीत असेल, हे मानण्यास भरपूर आधार आहे.

७. पाहणे

मराठी साहित्याने या दिशेने काय केले? आपल्या खानदेशच्या बहिणाबाई चौधरींनी सुगरणीच्या खोप्याचे कवित्व केले. ते येथील मुलांना पाठ असेल. १९३० साली डॉ. सलीम अली यांनी अलिबागजवळच्या किहीम येथे या पक्ष्याचे महिनोन् महिने निरीक्षण केले. खोपा विणतो तो नर. अर्धा विणून झाला की माद्या येऊन पाहणी करतात, एखादीला पसंत पडला तर तो पुरा होतो, आणि नर दुसऱ्या खोप्याला लागतो, असे त्यांना आढळले. बहिणाबाईंच्या कवितेला यामुळे बाधा येत नाही. आईची माया हा तिचा विषय आहे. परंतु पक्ष्याचे खरे जीवन आपल्या कल्पनेहून वेगळे आणि तितकेच नवलाचे असते, हे त्यातून कळते.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ ही कादंबरिका १९८२ सालची. वानरांच्या टोळीतील सत्तेची उलथापालथ आणि नव्या नराने केलेली पिलांची हत्या तीत आहे. १९६० च्या दशकात धारवाडजवळ जपानी संशोधक सुगियामा यांनी अशा घटना नोंदविल्या होत्या. माडगूळकरांनी वानरांना माणसांसारखे बोलके केले नाही, त्यांना संत केले नाही की राक्षसही केले नाही. जसे आहेत तसे पाहिले. मराठी गद्याने मुक्या प्राण्याला दिलेला हा मोठा मान आहे, असे मी समजतो.

याउलट आपल्याला दंतकथा अधिक सोयीची वाटते. रायगडावरील वाघ्या कुत्र्याचे स्मारक १९३६ सालचे. स्वामींच्या चितेत त्याने उडी घेतल्याची कथा आपण ऐकत आलो. समकालीन कागदांत तिचा आधार इतिहासकारांना मिळालेला नाही, आणि स्मारकावरून वाद झाले आहेत. साताऱ्याजवळ संगम माहुली येथे छत्रपती शाहूमहाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी आहे. त्याने वाघापासून महाराजांचे रक्षण केल्याचे परंपरा सांगते. या कथांची ऐतिहासिक चिकित्सा अवश्य व्हावी. परंतु कुत्र्याने चितेत उडी घेतली तरच ते प्रेमास पात्र, असा अर्थ त्यातून निघू नये. दाराशी भुकेले बसलेले कुत्रे कोणताही पराक्रम न करताही आपल्या भाकरीचे वाटेकरी असते. नामदेवांनी त्याच्या मागे तुपाची वाटी घेऊन धावताना त्याची परीक्षा घेतली नव्हती.

सज्जनहो, आता समारोप करतो. जनावराला अलौकिक शक्ती बहाल करणे हे त्याच्यावरचे प्रेम वाटते. पण पुष्कळदा ते त्याच्याकडे न पाहण्याचे निमित्त असते. त्याला यंत्र समजणे ही एक चूक, त्याला ज्योतिषी समजणे ही दुसरी. या दोहोंमधून जाणारी वाट सुरतेच्या पांजरपोळाने आणि पोळ्याच्या आवतणाने दाखविली आहे : आधी वेदना ओळखावी, मग शांतपणे पाहावे, आणि जेवढे दिसेल तेवढेच म्हणावे.

विद्यार्थिमित्रांनो, येत्या संक्रांतीला आपल्या गच्च्यांवर पतंग चढतील. काचेचा मांजा पक्ष्यांचे पंख कापतो. पहाटे आणि सायंकाळी, पक्षी घरट्यांतून निघण्याच्या व परतण्याच्या वेळी, दोर खाली घ्यावा. जखमी पक्षी दिसला तर त्या दिवसांत चालणाऱ्या उपचारकेंद्रात न्यावा. तो पक्षी स्वप्ने पाहतो की नाही, हे शोधण्यास तुमच्यापुढे सारे आयुष्य आहे, आणि तुमच्यापैकी कोणी तो शोध लावलाच तर या शाळेला अभिमान वाटेल. त्याच्या पंखाला लागते, हे मात्र आजच ठाऊक आहे.

 ज्यांच्या स्मृतीस हे शब्द वाहिले आहेत त्यांना अभिवादन करून माझे भाषण संपवितो.